ग्रंथालयाला कुलूप, वाचक घरी: टाळेबंदीत कॉलेजची लायब्ररी ऑनलाइन कशी चालली

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, तोवर महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या लायब्रऱ्या बंद होऊन आठवडा उलटला होता. बरीच पुस्तकं कपाटात, काही विद्यार्थ्यांच्या घरी, विद्यार्थी गावी, आणि परीक्षा कधी होणार हे कुणालाच माहीत नाही. अशा वेळी ग्रंथपालांना आलेली सूचना बहुतेक ठिकाणी एका ओळीची होती: लायब्ररी ऑनलाइन करा.

बाहेरच्या माणसाला यात फारसं काही वाटत नाही. पुस्तकांच्या पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर टाकल्या की झालं! प्रत्यक्षात तसं करणं बहुतेकदा बेकायदा असतं, आणि अडचण मुळात तिथे नव्हतीच. विकत घेतलेली हजारो ई-नियतकालिकं आधीपासून होती. ती घरून उघडत नव्हती. का उघडत नव्हती, ते आधी समजून घेऊ, कारण त्या दीड वर्षातली ग्रंथपालांची निम्मी धावपळ त्या एका कारणापायी झाली.

भिंत हेच ओळखपत्र

विद्यापीठ नियतकालिकांची वर्गणी भरतं. मग वाचणारा माणूस त्या विद्यापीठाचाच आहे हे प्रकाशकाचा संगणक कसं ओळखतो? बहुतेक वेळा तो माणसाला ओळखतच नाही. मागणी कुठून आली एवढंच पाहतो. विद्यापीठाच्या इंटरनेट जोडणीला ठरावीक आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे आकडी पत्ते, असतात, ते प्रकाशकाकडे आधी नोंदवलेले असतात. त्या पत्त्यावरून आलेला प्रत्येक जण आपला, बाकी सगळे परके. लायब्ररीत, विभागात किंवा हॉस्टेलवर बसलेल्या विद्यार्थ्याला कधी पासवर्ड विचारला जात नाही, म्हणून अनेकांना वाटायचं की हे लेख सगळ्यांनाच फुकट असतात. तोच विद्यार्थी परभणीला घरी जाऊन मोबाईलच्या डेटावर तोच लेख उघडतो तेव्हा समोर 'खरेदी करा' असं पान येतं आणि एका लेखाची किंमत तीस-चाळीस डॉलर दिसते.

म्हणजे लायब्ररीची भिंतच ओळखपत्राचं काम करत होती. भिंतीबाहेर पडल्यावर प्रत्येक वाचकाची ओळख नव्याने पटवायची, हे खरं काम.

यात एक गंमत आहे. विद्यापीठांना ही अडचण जास्त आली, अनुदानित छोट्या कॉलेजांना कमी यायला हवी होती. कारण कॉलेजांसाठीची 'एन-लिस्ट' योजना पहिल्यापासून व्यक्तिगत लॉगिनवर चालते. विद्यापीठ ग्रंथालयांचं जाळं सांभाळणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं, २०१० पासून. २०२० मध्ये पात्र अनुदानित कॉलेज वर्षाला पाच हजार रुपये अधिक कर भरायचं आणि त्यात सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिकं व लाखांच्या घरातली ई-पुस्तकं मिळायची. लॉगिन असलेला विद्यार्थी शेताच्या बांधावर बसूनही ती वाचू शकायचा. तरीही मार्च २०२० मध्ये अनेक कॉलेजांत हे लॉगिन प्राध्यापकांपुरतंच होतं, विद्यार्थ्यांची खाती कधी काढलीच नव्हती. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत सभासदत्वाची पावती असली की काम भागत असे.

घरून आत शिरायचे तीन रस्ते

पहिला रस्ता व्हीपीएनचा. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर एक छोटं सॉफ्टवेअर बसवायचं. ते सुरू केलं की त्याचं सगळं इंटरनेट विद्यापीठातून फिरून जातं आणि प्रकाशकाला तो आवारातच बसलाय असं वाटतं. संगणकशास्त्र विभागाला हे सोपं जातं. पण एका वेळी किती जण जोडले जातील याला परवान्याची मर्यादा असते, मोबाईलवर ते बसवताना विद्यार्थी गोंधळतात, आणि व्हीपीएन बंद करायला विसरून कुणी तासभर व्हिडिओ पाहिले तर त्याचा भार विद्यापीठाच्या जोडणीवर पडतो.

दुसरा प्रॉक्सीचा. विद्यार्थी आधी लायब्ररीच्या पानावर लॉगिन करतो, मग तिथल्या दुव्यावरून नियतकालिकात जातो. मधला सर्व्हर प्रकाशकाच्या पत्त्यामागे विद्यापीठाच्या प्रॉक्सीचं शेपूट जोडतो आणि सगळी देवाणघेवाण स्वतःमार्फत करतो. विद्यार्थ्याला काहीच बसवावं लागत नाही, म्हणून हा प्रकार लोकप्रिय झाला. इझीप्रॉक्सी हे यातलं जुनं नाव. ज्यांच्याकडे ते चालवायला माणूस नव्हता त्यांनी निंबस, रिमोटएक्स, मायलॉफ्ट अशा तयार सेवा घेतल्या.

प्रॉक्सीत काय बिघडतं? प्रत्येक प्रकाशकासाठी सेटिंगच्या फाइलमध्ये त्याच्या संकेतस्थळांची यादी लिहावी लागते. प्रकाशकाने पीडीएफ ठेवायला नवा पत्ता सुरू केला आणि तो यादीत नसेल, तर लेखाचं पान उघडतं, सारांश दिसतो आणि 'पीडीएफ'वर टिचकी मारली की पुन्हा खरेदीचं पान. विद्यार्थी म्हणतो, "सर, लॉगिन चालत नाही." लॉगिन व्यवस्थित चालतंय, यादीत एक ओळ कमी आहे. म्हणून तक्रार घेताना पहिला प्रश्न 'पासवर्ड बरोबर टाकलास का' हा नसावा. 'नेमक्या कुठल्या पानावर अडलास, त्या पानाचा पत्ता पाठव' असं विचारावं.

दुसरी नेहमीची तक्रार गुगलची. विद्यार्थी लायब्ररीच्या पानावरून जातच नाही. गुगल स्कॉलरवर शोधतो आणि सरळ प्रकाशकाच्या दारात उभा राहतो, तिथे शेपूट नसतं. यावर उपाय फार कमी जणांना माहीत होता: गुगल स्कॉलरच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स' या भागात जाऊन आपल्या संस्थेचं नाव शोधायचं, खूण करायची, जतन करायचं. पाच संस्थांपर्यंत निवडता येतात. मग संस्थेकडे असलेल्या लेखांच्या शेजारी तिचा दुवा दिसू लागतो. अर्थात त्याआधी ग्रंथपालाने आपल्या संस्थेची नोंद तिथे केलेली हवी.

तिसऱ्या अडचणीने मात्र सगळ्यांचीच झोप उडवली. एखादा संशोधक डाउनलोड मॅनेजर लावून तासाभरात तीन-चारशे लेख उतरवून घेतो. प्रकाशकाची यंत्रणा हे चोरी समजते आणि तो आयपी पत्ता बंद करते. प्रॉक्सीमागच्या सगळ्यांचा पत्ता एकच, त्यामुळे एकाच्या हावरटपणाने पूर्ण विद्यापीठ बाहेर! मग नोंदींमधली वेळ पाहून खातं शोधायचं, ते बंद करायचं, काय कारवाई केली ते प्रकाशकाला ईमेलने कळवायचं आणि प्रवेश पुन्हा सुरू होण्याची वाट पाहायची. पहिल्याच दिवशी प्रॉक्सीत प्रत्येक खात्याला डाउनलोडची मर्यादा घालून ठेवली तर हे टळतं.

तिसरा रस्ता सामायिक ओळखीचा. इन्फ्लिबनेटच्या या व्यवस्थेचं नाव 'इन्फेड'. प्रकाशकाच्याच पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' असा पर्याय असतो. तिथे आपली संस्था निवडायची, तो आपल्याला संस्थेच्या लॉगिन पानावर पाठवतो, तिथे ओळख पटली की 'हा आमचाच' एवढा निरोप प्रकाशकाला जातो. पासवर्ड प्रकाशकापर्यंत पोचत नाही. टिकाऊ आणि स्वच्छ मार्ग हाच. फक्त त्यासाठी संस्थेकडे आपल्या माणसांची चालू स्थितीतली यादी असावी लागते. गाडी अडते ती इथे.

एक्सेलची फाइल

सगळ्या तंत्रज्ञानाच्या तळाशी अखेर एक एक्सेल फाइल असते: नाव, वर्ग, ईमेल, खातं कधीपर्यंत चालू. एन-लिस्टमध्येही कॉलेजचा ग्रंथपाल ही यादी चढवतो आणि प्रत्येकाला ईमेलने लॉगिन जातं. दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात ही यादी कशी असते ते पाहिलं की ऑनलाइन सेवेचं खरं दुखणं कळतं.

प्रवेश अर्ज भरताना बऱ्याच मुलांचा स्वतःचा ईमेल नसतो. ज्या सायबर कॅफेत अर्ज भरला तिथल्या चालकाचा ईमेल चाळीस मुलांच्या नावापुढे असतो. कुणी मोठ्या भावाचा देतो. कुणी जीमेलचं स्पेलिंग उलटसुलट लिहितो. काहींनी अर्जापुरतं खातं उघडलेलं असतं आणि पासवर्ड विसरलेले असतात. त्यामुळे यादी तशीच चढवली की लॉगिन भलतीकडे जातात आणि ग्रंथपालाला वाटतं काम झालं.

ज्यांचं काम नीट झालं त्यांनी क्रम उलटा लावला. आधी वर्गशिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर चार रकान्यांचा गुगल फॉर्म: हजेरी क्रमांक, नाव, वर्ग, आत्ता उघडता येणारा ईमेल. फॉर्ममध्ये 'ईमेल गोळा करा' हा पर्याय चालू ठेवून त्यात जीमेलच्या खात्यातून आलेला पत्ताच घेतला, म्हणजे स्पेलिंगचा प्रश्न मिटला. मग हजेरी क्रमांक कॉलेजच्या यादीशी जुळवून पाहिला, कारण फॉर्म बाहेरही फिरतो. एका वेळी पन्नास-साठ नावं चढवली, दुसऱ्या दिवशी गटावर विचारलं: ईमेल आला का, स्पॅममध्ये पाहिलं का? सगळी यादी एकदम चढवली की एकाच दिवशी तीनशे फोन येतात.

कॉलेजने स्वतःच्या नावाचे ईमेल दिले असतील तर हे सगळं सोपं होतं. ते देणं लायब्ररीच्या हातात नसतं, कार्यालयाच्या असतं. असो.

"सर, पाण्यावरचं काहीतरी पाहिजे"

लॉगिन मिळालं तरी काय वाचायचं हे कुठे माहीत असतं? काउंटरवर येणारा विद्यार्थी कधीच नेमकं मागत नाही. "प्रोजेक्टसाठी पाण्यावरचं काहीतरी पाहिजे," असं म्हणतो. ग्रंथपाल दोन मिनिटं बोलतो, पाणी म्हणजे शेतीचं की पिण्याचं, कुठल्या जिल्ह्याचं, कुणी सांगितलंय, आणि कपाटाकडे बोट दाखवतो. व्हॉट्सॲपवर याच दोन मिनिटांना दोन दिवस लागतात. एक प्रश्न, चार तासांनी उत्तर, मग 'ओके सर', मग शांतता.

म्हणून मागणीचा फॉर्म आला, आणि फॉर्ममधले प्रश्न काउंटरवरच्या बोलण्यातूनच घ्यावे लागले. विषय एका पूर्ण वाक्यात लिहा. कोणता वर्ग. मराठी चालेल, इंग्रजी चालेल की दोन्ही. आधी काय पाहिलंत. कधीपर्यंत हवं. शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्यात उपयोगी तोच. उद्या सकाळी सेमिनार असणाऱ्याला विश्वकोशातली नोंद आणि एक लेख पुरतो, सहा महिने हातात असलेल्या एम.फिल.च्या विद्यार्थिनीला शोधायला शिकवणं बरं. फॉर्म सहा प्रश्नांपेक्षा लांबला की मोबाईलवर अर्ध्यात सोडून देतात.

वरच्या पाण्याच्या प्रश्नाचं पुढे काय होतं? 'मराठवाड्यातल्या ऊस आणि पाणीवाटपाबद्दल, टीवायबीए, मराठी हवं' एवढं कळलं की रस्ता दिसतो. जिल्हा गॅझेटियरमधून भूगोल. चितळे आयोगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा संदर्भ. आणि शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, याच विषयाचा एखादा प्रबंध. शोधगंगेवर प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या पीडीएफमध्ये असतं. पदवीच्या मुलाने सगळी प्रकरणं उतरवून डेटा संपवू नये, त्याने पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण आणि संदर्भसूची या दोनच फाइली घ्याव्यात. संदर्भसूची म्हणजे दुसऱ्याने तीन-चार वर्षं घालून तयार केलेली वाचनयादी, तीही आयती.

विद्यार्थ्याने विशिष्ट लेख मागितला असेल तर लेखाचा डीओआय, म्हणजे दहाच्या आकड्याने सुरू होणारा त्याचा कायमचा क्रमांक, आधी शोधायचा. मग आपल्या वर्गणीत आहे का, नसेल तर अनपेवॉल या ब्राउझरच्या जोडणीत हिरवी खूण येते का, म्हणजे लेखकाने कायदेशीररीत्या खुली ठेवलेली प्रत कुठे आहे का. तेही नसेल तर डेलनेटसारख्या जाळ्यातून दुसऱ्या लायब्ररीकडे मागणी, नाहीतर सरळ लेखकाला दोन ओळींचं नम्र ईमेल. स्वतःचा लेख कुणी मागितला की लेखक सहसा आनंदाने पाठवतात.

स्कॅन: किती, कसं, कुठे

ई-प्रत नसलेल्या पुस्तकाचं एखादं प्रकरण स्कॅन करून द्यायचं तर दोन गणितं असतात, कायद्याचं आणि डेटाचं.

कायद्याचं आधी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाच्या प्रसिद्ध खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याच कलमाचा आधार घेतला. पण तो खटला कागदी संचांचा होता. म्हणून शहाण्या ग्रंथपालांनी त्याचा अर्थ ताणला नाही: अभ्यासक्रमात नेमलेलं प्रकरण, शिक्षकाने मागितलेलं, त्या वर्गाच्या बंद गुगल क्लासरूममध्ये, सत्र संपलं की काढून टाकलेलं. तीच फाइल टेलिग्रामच्या खुल्या गटावर टाकली की 'शिकवण्याच्या ओघात' हे म्हणणं टिकत नाही. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने २४ मार्च २०२० ला 'नॅशनल इमर्जन्सी लायब्ररी' उघडून उसनवारीची रांगच काढून टाकली होती. १ जूनला मोठ्या प्रकाशकांनी दावा ठोकला आणि १६ जूनला ती ठरल्या तारखेआधीच बंद झाली. त्याच काळात हाथीट्रस्ट या लायब्रऱ्यांच्या सामायिक डिजिटल संग्रहाने मात्र सभासद लायब्ररीच्या कपाटात जितक्या छापील प्रती, तितक्याच वाचकांना एका वेळी ऑनलाइन वाचू द्यायचं असा नियम पाळला, आणि ती सोय निभावली.

आता डेटा. रोज दीड जीबीचा पॅक, त्यात झूमचे तास. मोबाईलच्या कॅमेऱ्याने रंगीत फोटो काढून पीडीएफ केली तर एक पान तीन-चार एमबी होतं, तीस पानांचं प्रकरण शंभर एमबीच्या आसपास. तेच पान ३०० डीपीआयवर, निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रकारात घेतलं तर साधारण शंभर केबीत बसतं, सगळं प्रकरण तीन एमबीत. छापील मजकुराला करडा किंवा रंगीत प्रकार लागत नाही, नकाशे आणि छायाचित्रं असतील तेवढीच पानं वेगळी घ्यावीत. पान पिवळं पडलेलं असेल तर काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये डाग उमटतात. अशा वेळी उजेडाची पातळी थोडी वाढवून एक पान तपासावं, मग बाकीची. पुस्तक काचेवर दाबून बसवू नये. जुन्या शिलाईची पुस्तकं तिथेच उकलतात, आणि कण्याजवळच्या ओळी तरीही वाकड्याच येतात.

गुगल ड्राइव्हच्या फोल्डरचा दुवा देताना 'पाहू शकतील' ऐवजी 'बदल करू शकतील' हा पर्याय राहून गेला तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. कुणीतरी 'नको त्या फाइली' पुसून टाकतो. मुद्दाम नव्हे, आपल्या फोनमधली जागा मोकळी होईल असं समजून.

सर्वांत जास्त मागणी होती ती जुन्या प्रश्नपत्रिकांना. अनेक लायब्रऱ्यांनी मे-जूनमध्ये दहा-दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका विषयवार लावून दिल्या. मग २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, अंतिम वर्षाच्या परीक्षा ठरल्या आणि त्या झाल्या मुख्यतः बहुपर्यायी. दीर्घोत्तरी प्रश्नांचे गठ्ठे जागच्या जागी राहिले.

मराठीतून शिकणाऱ्याचं काय

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण ऑनलाइन लायब्ररीच्या कौतुकात हे झाकलं जातं. एन-लिस्टमधला जवळपास सगळा ऐवज इंग्रजी आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो चालतो. तालुक्याच्या कॉलेजात मराठीतून राज्यशास्त्र, इतिहास किंवा मराठी साहित्य शिकणाऱ्याला लॉगिन मिळालं, पण आत गेल्यावर वाचण्यासारखं फारच थोडं होतं. त्याच्यासाठी ग्रंथपालांना वेगळं ताट मांडावं लागलं: मराठी विश्वकोशाच्या ऑनलाइन नोंदी, साहित्य संस्कृती मंडळाने आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवलेली पुस्तकं, दर्शनिका विभागाची गॅझेटियर्स, खरगपूर आयआयटीच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातल्या मराठी नोंदी. हे दुवे नुसते चिकटवून उपयोग नव्हता. अभ्यासक्रमाच्या घटकांप्रमाणे लावून, 'घटक २: यासाठी ही नोंद, हे पान ते हे पान' असं दिलं तेव्हाच ते वाचलं गेलं.

आणखी एक खोल खड्डा फॉन्टचा. युनिकोड येण्याआधीच्या, आणि नंतरच्याही, असंख्य मराठी फाइली श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर अक्षर सुरेख देवनागरी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की दिसतंच. त्यामुळे अशी पीडीएफ शोधात सापडत नाही, अंध विद्यार्थ्याचं वाचन सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअरही फसतं. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना चालतं, १० ते ४० टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते. जुन्या फॉन्टमधल्या मराठी प्रबंधाचा अहवाल येतो शून्य टक्के! तो शून्य प्रामाणिकपणाचा नसतो, यंत्राला मजकूर कळलाच नाही याचा असतो. टाळेबंदीत प्रबंध ईमेलनेच येऊ लागले तेव्हा हे वारंवार समोर आलं. उपाय दोन: मूळ फाइल परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणायची आणि जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासायची, किंवा पानांची चित्रं करून टेसरॅक्टसारख्या मराठी येणाऱ्या ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून घ्यायची. दुसऱ्या पद्धतीत तळटिपा आणि आकडे हमखास चुकतात.

दोनशे नऊ दिवसांचा दंड

देवघेवीचं सॉफ्टवेअर टाळेबंदी पाळत नाही. २० मार्चला परत करायचं पुस्तक घरी अडकलं आणि लायब्ररी १५ ऑक्टोबरला उघडली, तर रोज एक रुपयाने एका पुस्तकाचे २०९ रुपये होतात. सोबत दर आठवड्याला 'पुस्तक परत करा' असा आपोआप ईमेल, विलगीकरणात असलेल्या मुलालाही.

कोहा या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये याला तीन ठिकाणी हात घालावा लागतो. कॅलेंडरमध्ये बंदचे सगळे दिवस सुट्टी म्हणून भरायचे. दंडाची मोजणी सुट्ट्या वगळून करायची, हे सेटिंग तपासायचं, कारण ते 'सरळ दिवस मोजा' असं असेल तर कॅलेंडर भरून काही होत नाही. आणि परतीची तारीख एकगठ्ठा पुढे ढकलायची. मे २०२० मध्ये आलेल्या कोहाच्या २०.०५ या आवृत्तीत नेमकं यासाठी साधन दिलं गेलं. नवी तारीख देताना ती लायब्ररी उघडण्याच्या पहिल्याच दिवसाची देऊ नये. हजार जण एकाच दिवशी रांगेत येतील. वर्गवार दोन-तीन आठवड्यांत विभागावी. आधी चढलेला दंड वेगळा तपासून माफ करायचा आणि त्यावर प्राचार्यांची एक सही घेऊन ठेवायची, नाहीतर पुढच्या ऑडिटमध्ये प्रश्न येतो.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना दाखल्यासाठी 'नो ड्यूज' लागतो. पुस्तक गावी, कॉलेज शंभर किलोमीटरवर. पोस्टाने पाठवलेलं पुस्तक जमा करून घेणं, किंवा अनामत रकमेतून किंमत वळती करून दाखला देणं, असे दोन मार्ग निघाले. पाठवणाऱ्याला एक सूचना मात्र द्यावी लागे: पाकिटावर नाव लिहिता तसं आत चिठ्ठीवर हजेरी क्रमांकही लिहा. पाकीट फाडून फेकलं की पुस्तक कुणाचं ते कळायला मार्ग नसतो.

परतीचं पुस्तक आणि सॅनिटायझरची बाटली

१५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ग्रंथालयांना परवानगी मिळाली. वाचन कक्ष बंद, देवघेव खिडकीतून. आदल्या दिवशी फॉर्मवर मागणी, परिचर पुस्तकं काढून टोकन क्रमांक लावून ठेवणार, विद्यार्थी दिलेल्या वेळेला येऊन घेणार.

परत आलेल्या पुस्तकावर विषाणू किती दिवस राहतो, याची चाचणी अमेरिकेत ओसीएलसी ही ग्रंथालयांची संस्था आणि बॅटेल ही संशोधन संस्था यांनी 'रिअल्म' प्रकल्पात केली. सुटी ठेवलेली पुठ्ठा बांधणीची आणि साध्या बांधणीची पुस्तकं तीन दिवसांत निर्धोक दिसली. तीच पुस्तकं एकावर एक रचून ठेवली तेव्हा सहा दिवसांनंतरही विषाणू सापडला. आपल्याकडे मात्र परतीची पुस्तकं खोक्यात गच्च रचून वर तारखेची चिठ्ठी लावायची पद्धत सर्रास होती. टेबलावर किंवा रॅकवर सुटी, उभी ठेवली असती तर कमी दिवसांत काम झालं असतं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पृष्ठभागावरून लागण होण्याचा धोका फारच कमी असल्याचं सांगितलं आणि ही कसरत हळूहळू थांबली.

पुस्तकांचं जास्त नुकसान केलं ते फवाऱ्याने. सॅनिटायझरमधला अल्कोहोल शिक्क्याची शाई आणि मुखपृष्ठाचा रंग उतरवतो, सोडियम हायपोक्लोराइट कागद कमकुवत करतं. अतिनील किरणांची पेटी बंद पुस्तकाच्या आतल्या पानांपर्यंत पोचतच नाही.

आणि बुरशी. जून ते सप्टेंबर पंखे बंद, खिडक्या बंद, कोकणात आणि मुंबईत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर. ६५ टक्क्यांपुढे बुरशी धरते. ज्या लायब्रऱ्यांत आठवड्यातून एकदा कुणी येऊन दोन तास पंखे लावून कपाटांची दारं उघडत होतं तिथे पुस्तकं वाचली. बुरशी लागलेलं पुस्तक ओल्या फडक्याने पुसू नये, डाग आत मुरतो. आधी हवेशीर जागी पूर्ण कोरडं करावं, मग मास्क लावून मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेला झाडावं, तेही लायब्ररीच्या खोलीबाहेर.

या सगळ्या धांदलीत वेबिनार आणि प्रश्नमंजूषांचा पूर आला होता. गुगल फॉर्मवर वीस प्रश्न, निम्मे बरोबर आले की ईमेलने प्रमाणपत्र. १२ ऑगस्टला, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या जन्मदिनी, एका दिवसात दहा-बारा प्रमाणपत्रं मिळवणारे होते. त्यातून एन-लिस्टवर लेख शोधता येऊ लागला का, हे कुणी विचारलं नाही. त्यापेक्षा सात-आठ मिनिटांची पडदा-चित्रफीत (स्क्रीन रेकॉर्डिंग), मोबाईलवरूनच केलेली आणि एकच गोष्ट दाखवणारी, पुन्हा पुन्हा पाहिली गेली. लॅपटॉपच्या पडद्याची चित्रफीत मोबाईलवर पाहणाऱ्याला बटणं भलतीकडे दिसतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉलेजं उघडली आणि काही आठवड्यांत दुसऱ्या लाटेने पुन्हा बंद झाली. या वेळी ज्यांची ईमेलची यादी तयार होती त्यांना सेवा सुरू करायला दोन दिवस लागले. ज्यांनी पहिल्या लाटेतली यादी तशीच ठेवली होती त्यांच्याकडे पहिल्या वर्षाची नवी मुलं यादीतच नव्हती आणि पास होऊन गेलेल्यांचे लॉगिन चालू होते. जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. तिथेही घरून वाचायचं तर विद्यार्थ्याचं नाव संस्थेच्या चालू यादीत हवं: प्रवेश संपले की नवी नावं चढवायची, निकाल लागला की जुनी बंद करायची, आणि मधल्या काळात नंबर बदललेल्या, ईमेल विसरलेल्या मुलांसाठी तो चार रकान्यांचा फॉर्म उघडा ठेवायचा.